प्रकरण सतरा : बागेला पाणी

रविवारी कारखाना बंद असतो, आणि मोठ्या साहेबांना भांडायचं असलं की ते रविवारच निवडतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी आवाज चढला की काकू मध्ये पडतात, शेजारचे खिडकीत येतात. कारखान्यात ऐकायला नुसती मशिनं, आणि ती सोमवारपर्यंत तोंड उघडत नाहीत. म्हणून ‘साडेदहाला वरच्या केबिनमध्ये या, सगळे’ असा निरोप आला तेव्हा आत्याने चष्मा घेतला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि स्वतःचं पेन पर्समध्ये टाकलं. कारखान्यातली पेनं मोठे साहेब ठोक भावात आणतात आणि ती उठत नाहीत, असा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता.

केबिनला तीन बाजूंनी काच आहे. खाली डावीकडे रबराचे साचे म्हणजे मोल्डिंग, उजवीकडे प्रेस, मधोमध असेंब्लीची लांब टेबलं, त्यांच्यावर बेअरिंगच्या टोपल्या, आणि पलीकडे पॅकिंग. इथे चाकं बनतात. दवाखान्यांतल्या खाटांची, स्ट्रेचरची, औषधांच्या ट्रॉल्यांची. आजोबांनी दोन साच्यांवर सुरू केलेला हा धंदा आता तिघा भावंडांचा आहे: मोठे साहेब, त्यांच्या पाठची आत्या, आणि धाकटे. कागदोपत्री तिघांचा वाटा सारखा. कागदाबाहेर मात्र मोठे साहेब बोलत आणि बाकीचे दोघं माना डोलावत. हे इतकं जुनं होतं की त्याचा आता कोणाला रागही येत नसे.

खालच्या समोरच्या भिंतीवर संगणकाचा मोठा पडदा होता. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या साहेबांच्या मुलाने, इंजिनीअरने, तो बसवला तेव्हा चाळीसही माणसांना उभं करून भाषण झालं होतं. पडद्यावर प्रत्येक ऑर्डरीचा एक चौकोन. काम वेळेवर असेल तर हिरवा, मागे पडलं की लाल. आज सुट्टी असूनही पडदा चालू होता, आणि वरपासून खालपर्यंत हिरवागार होता.

केबिनच्या टेबलावर एक पानाचं पत्र होतं आणि एकेचाळीस पानांचा गठ्ठा. दोन्ही आणले होते धाकट्यांच्या मुलीने; गठ्ठा म्हणजे तिच्या प्रबंधाचं घरच्या कारखान्यावरचं प्रकरण. तिला पदवी अजून मिळालेली नाही, तरी कारखान्यात सगळे तिला डॉक्टरीण म्हणतात. कारखान्यांचं कामकाज चालतं कसं, आणि त्यात संगणक शिरला की काय होतं, यावर ती तीन वर्षं संशोधन करत होती. चार कारखाने अभ्यासले, त्यातला चौथा घरचा. विद्यापीठाला पत्र हवं होतं की आमची माहिती हिने आमच्या संमतीने वापरली, आणि खाली दोन भागीदारांच्या सह्या. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. मुदत एकदा वाढवून झालेली होती, पुन्हा वाढणार नव्हती. पत्र नाही तर प्रबंध नाही, आणि तीन वर्षं पाण्यात.

“हे चौथं प्रकरण काढून टाक, मी आत्ताच्या आत्ता सही करतो,” मोठे साहेब म्हणाले. “तीन कारखान्यांवर भागव. तुझं शिक्षण अडवायची मला हौस नाही.”

“चौथ्यावरच सगळं उभं आहे, काका.”

“मग बदल ते.”

“काय बदलू?”

“खरं लिही.”

डॉक्टरीण हसली नाही, पण तिला हसू आलं होतं हे सगळ्यांना दिसलं. “खरंच लिहिलंय. अडचण तीच झालीय ना?”

काकूंनी थर्मासमधला चहा कपांत ओतला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण नवरा रविवारी कारखान्यात निघाला की त्या थर्मास घेऊन मागच्या सीटवर बसतात, आणि त्यांना उतर म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

“बुधवारी खाटांच्या कंपनीची माणसं येतायत,” मोठे साहेब म्हणाले. “तीन वर्षांचं काम आहे. त्यांना पडदा बघायचाय. आणि आमच्या चिरंजीवांनी त्यांना सांगून ठेवलंय की आमच्यावर विद्यापीठात संशोधन झालंय. ते म्हणाले, वाचायला द्या. आता हे देऊ? पान सतरा. ‘पडद्यावरील माहिती आणि प्रत्यक्ष काम यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही.’ संबंध आढळला नाही! आठ महिने रोज संध्याकाळी सहाला मी त्या पडद्याखाली उभा राहून चहा पितोय. मला बरा आढळतो संबंध!”

“सहाला सगळं हिरवं असतंच काका. साडेपाचला पाणी घालतात.”

“कशाला?”

“बागेला.”

‘बागेला पाणी घातलं का?’ हे वाक्य मोठ्या साहेबांनी खाली शंभर वेळा ऐकलं होतं. मोल्डिंगमधून कोणीतरी ओरडायचं, असेंब्लीतून कोणीतरी ‘घातलं, घातलं’ म्हणायचं आणि मग खसखस पिकायची. कामगारांना झाडांची एवढी काळजी, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं होतं. गेटापाशी त्यांनी आणखी सहा कुंड्या आणवल्या होत्या.

इंजिनीअर कपात बघू लागला. मोल्डिंग सांभाळणारे धाकटे हाताच्या नखांत अडकलेलं रबर काढू लागले.

“कोणीतरी संगणकावर बसतं,” डॉक्टरीण म्हणाली, “आणि मागे पडलेल्या ऑर्डरी ‘पूर्ण’ म्हणून टाकतं. पडदा हिरवा होतो. सहाशे बारा ऑर्डरी मी तपासल्या. पडद्यावर सगळ्या वेळेवर. पण माल गेटातून कधी बाहेर पडला ते वॉचमनच्या वहीत असतं. त्र्याहत्तर उशिरा गेल्यात.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या वेळेवर. चांगला चालतो आपला कारखाना, काका. तो फक्त पडद्यावर चालत नाही. पॅकिंगच्या दाराआडच्या फळीवर चालतो.”

फळी आत्याची. प्लायवूडचा तुकडा, त्यावर खिळ्यांच्या सहा ओळी, प्रत्येक ऑर्डरीचा पत्र्याचा एक बिल्ला. काम पुढे सरकलं की आत्या बिल्ला पुढच्या ओळीत अडकवते, आणि आपल्या ओळीत किती बिल्ले लटकलेत ते बघून माणसं कामाला लागतात. पडदा आला त्या दिवशी फळी काढायचा हुकूम सुटला होता. आत्याने ती काढली आणि वीस पावलांवर, दाराआड, पुन्हा ठोकली. पुन्हा ठोकू नका असं हुकुमात म्हटलेलं नव्हतं.

मोठे साहेब काचेपाशी गेले. त्यांना पडदा आवडत होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी कारखाना आवाजावरून ओळखला होता. कुठली प्रेस अडखळतेय, कुठला साचा वाफ सोडतोय, हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं. गेल्या तीनेक वर्षांत कमी ऐकू येऊ लागलं. त्यानंतर आला तो पडदा. तो बघितला की त्यांना वाटायचं, अजून सगळं आपल्या हातात आहे. आणि आता ही पोर सांगत होती की आठ महिने सगळा कारखाना त्यांच्या पाठीमागे हसत होता. त्यांना इतकी लाज वाटली की ती रागासारखीच बाहेर आली.

“कोण? कोण घालतं पाणी?”

“मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही.”

“मी विचारतोय.”

“आणि मी सांगत नाहीये.”

“माझ्या कारखान्यात बसून, माझा चहा पिऊन...”

“चहा माझा आहे,” काकू म्हणाल्या.

इंजिनीअरने कप खाली ठेवला. ही सगळी यंत्रणा त्याने आणली होती आणि ती लंगडतेय हे त्याला तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. मागे पडलेल्या सगळ्या ऑर्डरी रोज संध्याकाळी त्याच चार मिनिटांत पूर्ण होतात, हे संगणकाच्या नोंदीत स्पष्ट दिसत होतं. चाकं अशी बनत नाहीत. पण त्याच आठवड्यात पप्पांनी चार लोकांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘याने केलं’ म्हटलं होतं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. तो हात तसाच राहावा म्हणून तो मूग गिळून बसला होता.

“पप्पा, मला माहीत होतं,” तो म्हणाला. मग घाईघाईने बहिणीकडे वळला. “पण ऐक ना, शब्द तर बदलता येतील? ‘माहिती भरताना काही तफावत आढळली’ असं लिही. खोटं नाही ते. तुझं काम होईल, आमचा बुधवार होईल.”

“तफावत आपोआप पडते. ही पाडली जाते. रोज, साडेपाचला, हसत हसत.”

“एका शब्दासाठी तीन वर्षं घालवणार?”

“त्या एका शब्दासाठीच घालवलीत. का पाडली जाते, ते तीन वर्षं शोधत होते मी. दुसऱ्या कारखान्यांत कारण सापडायला वेळ लागला. इथे पान एकोणीसवर आहे. काका, तुम्ही ते वाचलंत?”

मोठ्या साहेबांनी ते वाचलं नव्हतं. सतराव्या पानावरच त्यांचं डोकं फिरलं होतं.

डॉक्टरणीने गठ्ठा ओढला आणि आवाज न चढवता वाचलं. “‘यंत्रणा सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी मोल्डिंग विभागातील एका ऑर्डरीचा चौकोन लाल झाला. कारखानाप्रमुखांनी सर्व यंत्रे थांबवून, सर्व कामगारांसमोर, विभागप्रमुखांना वीस मिनिटे फैलावर घेतले. दहाव्या दिवसापासून एकही चौकोन सहा वाजता लाल राहिलेला नाही.’”

“थोडं बोललो असेन मी,” मोठे साहेब म्हणाले.

“थोडं?” काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. “दोन दिवस जेवले नव्हते भावजी. आणि कारखान्याचं काय घेऊन बसलात, तुम्हाला लाल दिसलं की घरातही कोणी काही सांगत नाही. न्हाणीघरातला नळ महिनाभर गळतोय. मी सांगितलं तुम्हाला?”

तेव्हा धाकटे बोलले. कारखान्यात भावाला ते कायम ‘तुम्ही’ म्हणत, कामगार ऐकतात म्हणून. आज त्यांच्या तोंडून लहानपणचं ‘तू’ आलं आणि ते आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“मी घालतो पाणी, दादा. पोरीला नाव घेता येत नाही, मला येतं. त्या दिवशी साचा तापत नव्हता. काम खरंच मागे पडलं होतं. पडदा खरं बोलला आणि मार मला बसला, तूच ज्यांच्यावर मला नेमलंस त्यांच्यासकट चाळीस माणसांसमोर. मग मी म्हटलं, आता दोघांपैकी एकाला खोटं बोलायला शिकवलं पाहिजे. पडद्याला शिकवणं सोपं होतं.”

“आणि पोरीलाही तेच शिकवलंस?”

“तिला कुठे आलं ते? आलं असतं तर आज इथे कशाला बसलो असतो?”

मोठ्या साहेबांनी पत्र उचललं आणि भावापुढे टाकलं. “बरं. दोन सह्या पाहिजेत. माझी मिळणार नाही. तू करतोस? कर. बुधवारचं काम गेलं की खाली जाऊन चाळीस जणांना तूच सांग, माझ्या लेकीचं शिक्षण होतं म्हणून.”

धाकट्यांनी पत्राकडे बघितलं. चाळीसही जणांचे चेहरे त्यांना पाठ होते. कोणाची मुलगी शिकतेय, कोणाचं घर अर्धवट आहे, सगळं माहीत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही, आणि लेकीकडे बघण्याचं त्यांचं धाडस झालं नाही. डॉक्टरणीला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. वडील एवढं बोलले हेच पुष्कळ, असं तिने स्वतःला समजावलं. ते तिला पटलं नाही.

“आण इकडे,” आत्या म्हणाली.

मोठे साहेब क्षणभर गोंधळले. आत्याच्या सहीची त्यांनी कधी मोजदादच केली नव्हती. कागद आला की ते सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारत, आणि आत्या पॅकिंगच्या टेबलावर, हातातली टेप बाजूला ठेवून, फुलीवर सही करत असे. कर्ज, करार, परवाने, काही असो. तीस वर्षांत तिने एकाही कागदाची पहिली ओळ वाचली नव्हती आणि कोणी वाच म्हटलं नव्हतं.

“फुली नाहीये यावर,” मोठे साहेब म्हणाले. त्यांना ते चेष्टेत म्हणायचं होतं.

“म्हणूनच आधी वाचते,” आत्या म्हणाली, आणि पत्र तसंच ठेवून तिने एकेचाळीस पानांचा गठ्ठा पुढ्यात घेतला.

ती सावकाश वाचते. ओळीखाली पेन धरून, ओठ हलवत. पान उलटलं की मागचं पान तळहाताने सपाट करते. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. काकूंनी दुसऱ्यांदा चहा ओतला. मोठे साहेब दोनदा जिना उतरून परत आले. उठून जायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण गेलेल्या माणसाच्या मागे काय ठरेल याचा कोणालाच भरवसा नव्हता.

डॉक्टरीण पानं मोजत होती. सव्विसावं पान यायचं होतं. ते पान तिने चार वेळा काढून टाकलं होतं आणि पाच वेळा परत घातलं होतं. आत्याने तिला शाळेत पोचवलं, आत्याने तिला सायकल शिकवली, विद्यापीठात जायचं म्हटल्यावर सगळ्या घरात एकटी आत्या ‘जा’ म्हणाली. आणि आज सही करायला पुढे आलेली एकटी आत्याच. ‘आत्या, ते पान राहू दे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली नाही.

आत्याचं पेन थांबलं. ओठ थांबले. मग तिने पहिल्यापासून, मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘बिल्ल्यांना बांधलेल्या सात रंगांच्या दोऱ्यांत कामाची सर्वात महत्त्वाची माहिती असते. यंत्रणा तयार करणारे लोक आले असता पॅकिंग विभागप्रमुखांनी त्यांना फक्त तीन रंगांचा अर्थ सांगितला, आणि उरलेले रंग दोरा संपला म्हणून वापरल्याचे सांगितले. ही माहिती चुकीची होती. यंत्रणा सदोष राहण्याचे हे दुसरे कारण होय. विभागप्रमुख आजारपणामुळे बारा दिवस रजेवर असताना कोणालाही फळी पूर्ण वाचता आली नाही आणि रवाना होणारा माल निम्म्यावर आला. एका कारखान्याचे ज्ञान एका व्यक्तीने स्वतःजवळ अडवून ठेवणे...’”

ती थांबली.

“वाच ना पुढे,” मोठे साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “वाच! बघ, तुलाही सोडलं नाही तिने. जिला कडेवर घेऊन फिरलीस ती ही. कर आता सही.”

आत्याने चष्मा काढला. “दोरा संपला म्हणून सांगितलं, हे तुला कुठून कळलं गं?”

“त्या लोकांच्या टिपणांत होतं,” डॉक्टरीण म्हणाली. “आणि मी अकरा आठवडे तुझ्याजवळ बसले होते. पिवळ्या दोऱ्याचा माल तू कधीच लगेच पॅक करू दिला नाहीस. दोरा संपलेल्या माणसाला एवढं कुठून कळतं? सातांपैकी सहांचे अर्थ मी लावले. जांभळा नाही लागला. तसं तळटीपेत लिहिलंय.”

“मला आधी दाखवलं का नाहीस?”

“तू काढ म्हणाली असतीस तर मी काढलं असतं. म्हणून.”

आत्याला तो दिवस आठवला. पडद्याच्या भाषणात दादा माइकवर म्हणाला होता, आता आमच्या ताईंनाही घरी बसून आराम करता येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनेही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संगणकवाले वही घेऊन आले, आणि गोड बोलून तिने त्यांना दोराच संपवून दाखवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बारा दिवस खाटेवर पडली असताना फोन घणघणायचा, ‘पिवळ्याचं काय करायचं, पांढऱ्याचं काय करायचं’, आणि ती ‘आल्यावर बघू’ म्हणून फोन ठेवायची. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. गुडघा ठणकत होता आणि बरं वाटत होतं. त्याच दिवसांत न तपासलेली शंभर चाकं एका दवाखान्यात गेली आणि परत आली, हे तिला नंतर कळलं. त्याची तिला आज पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, लाज वाटली. आणि त्या लाजेतच तिला भाचीचा अभिमानही वाटला.

तिने चष्मा पुन्हा लावला. उरलेली पंधरा पानंही वाचली, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग पत्र ओढलं आणि स्वतःच्या पेनाने सही केली.

“खोटं असतं तर फाडलं असतं,” ती म्हणाली. “एक झाली. दुसरी हवी.” तिने पेन धाकट्यांपुढे धरलं. “तुझ्या लेकीने मला सोडलं नाही, तुला सोडलं नाही, दादाला सोडलं नाही. अशा पोरीला आपण तिघंच राखू शकतो किंवा बुडवू शकतो. आणि दादा, बुधवारची भीती मला घालू नकोस. त्या लोकांना मी स्वतः सांगेन की हिरवं बघायचं असेल तर गेटाजवळ कुंड्या आहेत, आणि चाकं कशी बनतात ते बघायचं असेल तर आत या.”

धाकट्यांनी पेन घेतलं. सही नेहमीपेक्षा मोठी आली. करून झाल्यावर त्यांनी पत्र भावाला न देता थेट मुलीच्या हातात दिलं. काकूंनी उरलेला चहा धाकट्यांच्या कपात ओतला.

मोठे साहेब आता एकटेच काचेशी उभे होते. “ठीक आहे,” ते म्हणाले. “झालं ना तुमचं? मग माझंही ऐका. उद्यापासून पॅकिंगला यायची गरज नाही. आराम कर. या पोरीनेच लिहिलंय, सगळं एकाच्या डोक्यात असणं धोक्याचं. धोका काढून टाकतो मी.”

“काका, तिच्याशिवाय फळी वाचणार कोण?” डॉक्टरीण ताडकन उठली.

“तू बस,” आत्या म्हणाली. “बरोबर बोलतोय तो. काढूया धोका.” ती इंजिनीअरकडे वळली. “उघड रे तो लॅपटॉप. लिहून घे. त्या दिवशी सांगितलं नव्हतं ते सगळं.”

इंजिनीअरने बापाकडे बघितलं. मग त्याने लॅपटॉप उघडला.

“लाल, तातडीचं. निळा, रबर नरम हवं, फरशी गुळगुळीत आहे. हिरवा, ब्रेकवालं चाक. हे तीन तुझ्याकडे आहेत. आता पिवळा. हे गिऱ्हाईक दोनदा मन बदलतं, फोन आल्याशिवाय पॅक करू नका. पांढरा, साचा नवा आहे, पहिले वीस नग हाताने तपासा. काळा, यांचा माल एकदा आपल्याकडून खराब गेलाय, पुन्हा जाता कामा नये.”

इंजिनीअरची बोटं भराभर चालत होती. त्याने आठ महिने डोकं फोडलेल्या तीन चुकांचा उलगडा त्याला तीन वाक्यांत झाला होता. त्याला रडावं की हसावं कळेना.

“हे काय चाललंय?” मोठे साहेब म्हणाले.

“तुला मोकळं करतेय. एवढे दिवस तू मला काढू शकत नव्हतास, कारण माझ्यावाचून अडलं असतं. मीच तशी तजवीज केली होती. वाईट केलं मी. आता नाही अडणार. मी उद्या घरी बसले तरी माल वेळेवर जाईल.” आत्या खुर्चीच्या हाताला धरून उठली, गुडघा सांभाळत, आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “आता मला काढायचं असेल तर कारण सांगून काढ. उद्या सकाळी, मशिनं थांबवून, चाळीस माणसांसमोर. धाकट्याला उभं केलंस तसं मला उभं कर आणि सांग, हिने खऱ्या कागदावर सही केली म्हणून हिला काढतोय. मी येते आठ वाजता.”

खाली पडद्यावर एकूण एक चौकोन हिरवा होता, आणि आज त्याकडे बघावंसं मोठ्या साहेबांना वाटेना.

“आत्या,” इंजिनीअर हळूच म्हणाला, “जांभळा राहिला.”

डॉक्टरणीने मान वर केली. आत्या भावाच्या डोळ्यांत बघत राहिली.

“जांभळा म्हणजे दादाला सांगायचं नाही,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. काकूंचा हात थर्मासवर तसाच राहिला. मोठ्या साहेबांनी विचारलं, “आज किती आहेत?”

“नऊ. आणि ते तुला आत्ता सांगितले. ओरडायचं असेल तर ओरड, आम्ही सगळे इथेच आहोत.”